सुरी पडता कामा नये

सोमवार, ४ तारीख. संध्याकाळ.

माझा काही दोष नव्हता. दोन्ही हातांत गुलाबांचे दांडे, वाकले, अन् एप्रनच्या खिशातली सुरी सुटली ती थेट लंबूच्या पायाशी. लागली का? नाही. मग बोंबलायचं कशाला? पण लंबू माझ्या शेजारच्या ओळीत फुलं कापते, उंच ताडासारखी, आवाज वरून येतो. सगळ्या ग्रीनहाउसला कळलं. सुपरवायझरबाई धावत आल्या. म्हणाल्या, आजी, शुक्रवारपर्यंत सुरी अंगावर नीट सांभाळायची सोय करा. मी बघणार. पुन्हा पडली तर पॅकिंगला बसायचं.

पॅकिंग म्हणजे मागची थंडगार खोली. खिडकी नाही. दिवसभर जुड्यांना रबरबँड लावायचे. मला तिथे बसवलं तर गुलाबांच्या आधी मी सुकेन.

सूनबाई म्हणाली, आई, लंबूमावशींना शिवून दिली तशी कमरेची पिशवी तुम्हाला शिवते, माझी जुनी कातडी पर्स त्यासाठीच ठेवलीय. म्हटलं, लंबूला कंबर आहे गं. मी वाकले की कमरेवरचं सगळं पोटात घुसतं. अन् तिची नक्कल मी करू?

मला सुचलंय. गमबूट! पायात एवढी जागा रिकामी पडलेली, कुणाच्या डोक्यात आलं नाही. शाळा दुसरीत सुटली म्हणून काय झालं.

मंगळवार, ५ तारीख.

सुरी ह्यांची. ह्यांनी स्वतः घासून केलेली, लाकडी मुठीची, मिटणारी नव्हे. ह्यांच्यासारखीच ताठ, वाकणं माहीत नाही. जुन्या मोज्यात घालून बुटात सोडली. फाटकापर्यंत झकास. पुढे टोक मोज्यातून बाहेर आलं आणि घोट्याची चौकशी करू लागलं. थेंबभर रक्त. कुणाला सांगितलं नाही.

निश्चय: म्यान पाहिजे.

बुधवार, ६ तारीख. सकाळ.

पुठ्ठ्याचं म्यान केलं, वरून टेप. फार देखणं झालंय.

बुधवार. संध्याकाळ.

आमच्या दाराशी औषधाच्या पाण्याचा ट्रे असतो. झाडांना कीड लागू नये म्हणून त्यात बूट बुडवूनच आत जायचं. आज मी जरा उत्साहात बुडवला. पाणी आत, पुठ्ठ्याचा लगदा. दिवसभर पचक पचक. लंबू म्हणाली, काय गं, बुटात बेडूक पाळलायस का? सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यांना शुक्रवारी कळेल.

घरी आले तर दारामागच्या खिळ्याला सूनबाईची ती जुनी पर्स नुसतीच लटकत होती. कापली. दाभण घेऊन म्यान शिवलं. सूनबाईला एवढ्यात सांगत नाही. बघून खूश होईल.

गुरुवार, ७ तारीख.

म्यान उत्तम. म्यानाचा काही दोष नाही. बूटच ढिला. चालता चालता सुरी म्यानासकट टाचेपाशी उतरली. सगळ्या ओळी तशाच काढल्या. प्रत्येक पावलाला वाटे, आता घुसली, आता घुसली. सुपरवायझरबाई लांबून बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसत हसत चालले. लंबूने विचारलं, पाय मुरगळला का? काळजी नव्हे, आनंद होता तिच्या तोंडावर.

काल रात्री पॅकिंगची खोली स्वप्नात आली. लंबू दाराला बाहेरून कडी लावत होती.

निश्चय: बांधायची. अशी बांधायची की हलली नाही पाहिजे.

शुक्रवार, ८ तारीख. सकाळ.

परकराच्या नाड्या काढल्या. म्यान पोटरीला वर, मध्ये आणि खाली आवळलं. गाठीवर गाठ. वरून बूट, बुटाच्या तोंडाला टेप गुंडाळून टाकली. पलंगाला धरून उडी मारली. हूं की चूं नाही! सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडली, आई, काय पडलं? म्हटलं, काही पडत नाही आता.

शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत.

आत फार उकडतंय. पाय आधी गरम झाला, मग मुंग्या आल्या, आता काहीच नाही. म्हणजे सुरी बसली. पाय दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, पण शांत आहे. जेवण गेलं नाही. बाई येताना दिसतायत.

शुक्रवार. संध्याकाळ.

पास झाले. आधी ते लिहून ठेवते.

बाई म्हणाल्या, चाला. चालले. वाका. वाकले. पाण्याच्या पाइपावरून पाय टाका. टाकला. सगळ्या ओळी सोडून बघायला आलेल्या. बाई म्हणाल्या, वा आजी, कुठे ठेवलीय दिसतसुद्धा नाही! मी लंबूकडे बघितलं.

मग बाई म्हणाल्या, आता काढा आणि हे एक फूल कापून दाखवा.

काढायचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आठवडाभर न पडण्याचंच बघत होते.

वाकून टेप ओढायला गेले, तर तो दुसऱ्या कुणाचा तरी पाय मला सोडून गेला. बसले ती फुलांच्या बादलीत. बाईंनी बूट ओढला, दोघींनी मिळून ओढला, निघेना. पाय सुजून फुगलेला. बाई घाबरून ओरडल्या, बूट कापा, कुणाकडे सुरी आहे का? मी म्हटलं, माझ्याकडे आहे.

कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

लंबूने कमरेच्या पिशवीतून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरी काढली. बूट कापला, नाड्या कापल्या, म्यान कापलं. मग माझा पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. म्हणाली, वेडी आहेस का गं? पाय गेला असता की.

एक मात्र आहे. मी पडले, सुरी पडली नाही.

शनिवार, ९ तारीख.

पॅकिंग. बूट नाही, चपलांवर ग्रीनहाउसमध्ये सोडत नाहीत. तात्पुरतंच असणार. तसं बाई म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावरून कळतं. सुरी आणली नव्हती. रबरबँडला काय करायचीय.

घरी आल्यावर सूनबाईला म्हटलं, ती कमरेची पिशवी तू म्हणत होतीस, शिवायला फार वेळ लागतो का? मला नकोय. सहज विचारलं.

ती म्हणाली, वेळ नाही लागत, आई. कातडं लागतं.

आणि दारामागच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिली.