चॉप हाऊसच्या दारातला काटा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आलो बुवा एकदाचा! जालन्याहून निघालो तेव्हा नीलिमा म्हणाली होती, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे एकट्यानं राहून डोकं फिरणार नाही. म्हणून ही वही. थेरगावात डांगे चौकापासून पाच मिनिटांवर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळालाय. खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली चादर आणि तिच्यामागे थोडंसं आकाश दिसतं. मला एवढं पुरे.

चाकणच्या कंपनीत आज पहिला दिवस. काम माझ्या आवडीचं, कॅलिब्रेशन. म्हणजे कारखान्यातले काटे, गेज, मीटर खरं बोलतात की खोटं ते तपासायचं, खरं बोलत असतील तर हिरवं स्टिकर लावून सही ठोकायची. माणसांच्या बाबतीत मी अनेकदा फसलोय, काट्यांच्या बाबतीत एकदाही नाही. माझं स्वतःचं वजन ९१ किलो आहे आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम मी प्रेमानं कमावलाय. वीस तारखेला नीलिमा आणि आमची लेक सई येतील. तोपर्यंत जेवणाची सोय बघायला हवी.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सोय झाली, आणि काय झाली! पहिली पाळी साडेतीनला सुटते. ट्रॅफिकला कंटाळून आज देहूरोडच्या बाजूनं मोटरसायकल आत घातली, तर एका जुन्या रस्त्यावर चिंचेखाली बैठी दगडी इमारत. पाटीवर ‘भिमाजी चॉप हाऊस, स्थापना १९२६’. आत शिसवी खुर्च्या, कडक इस्त्रीचे टेबलक्लॉथ, पांढऱ्या कोटातले म्हातारे वेटर. दुपारी तीन ते दिवेलागण एवढंच उघडं असतं. मालक दत्तोबा, इथल्याच जुन्या गावातले शेतकरी. त्यांचे आजोबा भिमाजी एका गोऱ्या साहेबाचे खानसामा होते. साहेब गेला, त्याची चूल राहिली.

दारातच एक उंच, पितळी दांडीचा काटा आहे. जेवायला येणाऱ्यानं आधी त्यावर उभं राहायचं, जाताना पुन्हा उभं राहायचं. दत्तोबा दारामागच्या काळ्या पाटीवर नाव आणि दोन्ही आकडे खडूनं लिहितात. साहेबाच्या वेळची रीत म्हणे, पाहुणा उपाशी गेला नाही याची खात्री. मला तर तिथंच आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वजन करून जेवू घालणारं हॉटेल म्हणजे माझं सासरच!

सूप, मग धुरकट लोखंडी ताटलीवर चरचरत आलेला मांडीचा जाड तुकडा, उकडलेले बटाटे, पुदिन्याची चटणी, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. आडवा हात मारला. असं मटण मी जन्मात खाल्लं नव्हतं. जाताना काट्यावर उभा राहिलो. येताना ९१.२, जाताना ९०.६.

मी खो खो हसलो. दत्तोबांना म्हटलं, तुमचा काटा म्हातारा झालाय. ते हसले नाहीत. म्हणाले, “काटा खोटं बोलत न्हाई, साहेब. बघा तुमीच कवातरी.”

सोमवार, १० नोव्हेंबर

रोज जातोय. आज लॅबमध्ये रविराजला सांगितलं. हा माझा सहकारी, चाकणचाच, वयानं लहान पण कामात पक्का. चॉप हाऊसचं नाव काढताच त्यानं हातातला डबा बंद केला. म्हणाला, सर, आमच्याकडचं कुणी तिथं जात नाही. का, तर त्याचे एक काका जायचे. पुढे काय झालं विचारलं, तर म्हणाला, “काय न्हाई राव. जेवत जेवत गेले.” नीट सांगेना. तरुण मुलं हल्ली घाबरट झालीत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज येताना ८६.४. पट्ट्याला नवीन भोक पाडलं. नऊ दिवसांत पाच किलो! रोज चापून जेवतोय आणि उतरतोय. कुणालाही आनंदच झाला असता, पण चुकीचा काटा मला सहन होत नाही. गेटपास करून लॅबमधली प्रमाणित वजनं घेतली, वीस किलोची दोन, दहाचं एक, आणि चॉप हाऊस गाठलं. एकेक करून ठेवली, उलटसुलट ठेवली, कोपऱ्यांवर ठेवली.

काटा अचूक आहे. आमच्या कंपनीतल्या निम्म्या काट्यांपेक्षा अचूक.

सवयीनं खिशातलं हिरवं स्टिकर काढलं, तारीख घातली, सही केली आणि दांडीला चिकटवलं. दत्तोबांनी हात जोडले. म्हणाले, शंभर वर्षांत पहिल्यांदा कुणी जाणत्या माणसानं पास केला. मग मी जेवलो. बाहेर पडताना ८५.६.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज कंपनीची सुट्टी. नीलिमा आणि सई आल्या. सई धावत आली आणि दोन पावलांवर थांबली. बाबा, तू छोटा झालास, म्हणाली. नीलिमानं माझ्या मनगटाचा घेर तिच्या बोटांनी मोजला. ८२ भरलो परवा.

तिनं मला लगेच डॉक्टरकडे नेलं. साखर, थायरॉईड, छाती, सगळं तपासायला दिलं. रात्री तिनं माझ्या आवडीची भरली वांगी केली. मी वाहवा करत खाल्ली. खरं सांगायचं तर भिजलेला पुठ्ठा चावल्यासारखं लागलं. घरचं अन्न तोंडात गेलं की जीभ झोपते. हे तिला कसं सांगू?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, नव्या जागेचा ताण असेल.

आज चॉप हाऊसमध्ये एक गोष्ट लक्षात आली. मी इतके दिवस येतोय, पण मटण आणताना कुणाला पाहिलं नाही. मागे खाटीकखाना नाही, फ्रीजही नाही. कौतुकानं विचारलं, माल कुठून येतो. दत्तोबा म्हणाले, “आज्याच्या काळापास्नं या घरात एक बकरं आलेलं न्हाई, साहेब. लागतच न्हाई.”

मग त्यांनी पाटीकडे बघितलं.

मीही बघितलं. माझ्या नावाच्या वर सात-आठ नावं. प्रत्येकापुढे दोन आकडे, आत येतानाचा मोठा, बाहेर जातानाचा लहान. ती माणसं माझ्या आसपासच बसलेली असतात, खुर्चीच्या पाठीएवढी अरुंद, मान खाली घालून जेवणारी. रोज प्रत्येकाचं अर्धा-एक किलो जातं. जातं कुठे, हा साधा प्रश्न मी, वजनाचा माणूस, मला पडला नव्हता.

रस्त्यावर येऊन ओकलो. पुन्हा पाऊल टाकणार नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

गेलो. चारही दिवस गेलो. ७२.

गुरुवार, ४ डिसेंबर

सकाळपासून एकच विचार. माझी वजनं लोखंडाची. लोखंडाला काटा खरं सांगत असेल आणि जिवंत माणसाला खोटं, तर? मग हे सगळं माझ्या डोक्यातलं भूत ठरेल. त्यासाठी जिवंत प्रमाण हवं, ज्याचं वजन आधी दुसरीकडे नक्की केलंय असं. मी स्वतः चालणार नाही, माझा आकडा रोज हलतोय.

सईला आज इथल्या नव्या शाळेतून आल्यावर लस द्यायची होती. दवाखान्यातल्या डिजिटल काट्यावर ती १८.६ भरली. नीलिमाला म्हटलं, तू घरी जा, मी पोरीला आईस्क्रीम खायला नेतो.

आज माझं सोन्यासारखं पिल्लू मी स्वतः उचलून त्या काट्यावर ठेवलं. दांडी थरथरली आणि थांबली. १८.६. अगदी तंतोतंत! एक क्षण मला आनंद झाला, लॅबमध्ये आकडा जुळल्यावर होतो तसा. दत्तोबांनी खडू उचलून नाव विचारलं. मी सांगितलं. नाव नसलेली नोंद मी आयुष्यात सोडलेली नाही.

तिनं दोन चमचे कस्टर्ड खाल्लं. निघताना मी तिचा हात धरून ओढत होतो, पण तिला खेळ वाटला, उडी मारून पुन्हा काट्यावर उभी राहिली. १८.४.

माझ्या नावाखाली लिहिलंय. सई.

मी ६७.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आजचा तुकडा वेगळा होता. कोवळा, किंचित गोडसर. आणि महिन्याभरात पहिल्यांदा पोट भरलं. खरोखर भरलं. डोळे मिटून बसून राहिलो. जाताना काट्यावर तीनशे ग्रॅम जास्त! सुटलो. उतरती कळा संपली.

शनिवार, ६ डिसेंबर

आणखी चारशे ग्रॅम. नीलिमा म्हणाली, चेहऱ्यावर जरा रया आली. रात्री शांत झोप.

सोमवार, ८ डिसेंबर

काल पाचशे. तीन दिवसांत एक किलो दोनशे ग्रॅम कमावले.

आज नीलिमा सईच्या स्कर्टला पिन लावत होती. कंबरेला सैल होतोय म्हणाली. पोरगी दुपारी बाकावरच झोपते, असा शाळेतून फोन होता. मी नुकत्याच आणलेल्या घरच्या काट्यावर तिला उभं केलं.

१७.२.

१८.४ मधून १.२ गेले की किती उरतात हे मला कागदावर मांडावं लागलं नाही. संडासात जाऊन तोंडात बोटं घातली. काही बाहेर आलं नाही. पोट ते सोडत नाही.

मी माझ्या पोरीला

मंगळवार, ९ डिसेंबर

पाटी पुसायला गेलो. रुमालानं, थुंकीनं, नखांनी. पुसली गेली. दत्तोबांनी अडवलं नाही. म्हणाले, “खडूचं काय हाय, साहेब, आमच्या ध्यानात राहावं म्हनून. तुमी खाल्लं, न्हाईतर तिनं हितं खाल्लं, तर पोरीचं कमी व्हईल, न्हाई खाल्लं तर न्हाई. कुनी जबरदस्ती केली व्हय तुमाला?”

रडलो त्यांच्यासमोर. त्यांनी पाणी दिलं. मागे ताटली चरचरत होती. पळत बाहेर आलो, न खाता. हे माझ्या हातात आहे. फक्त माझ्या.

बुधवार, १० डिसेंबर

रजा टाकली. नीलिमाला सांगितलं, डॉक्टर म्हणाले घराबाहेर पडू नको, बाहेरून कुलूप लाव. खरं सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू? तू माझ्या ताटात काय होतं ते ऐकशील का, असं?

दिवसभर पाणी. चार वाजले. दार ओढून पाहिलं. तीनदा. सई १७.२. तेवढीच! जिवात जीव आला.

गुरुवार, ११ डिसेंबर

१७.२.

वरण, भात, दूध — माती. उशीचा कोपरा चावला. सईनं मला थोपटलं, जसं मी तिला थोपटतो. तिच्या दंडाचा वास —

नाही. वही बंद.

शुक्रवार, १२ डिसेंबर. दुपार

१७.२. सकाळी बघितलं. तीन दिवस जिंकलो. अजून थोडे दिवस, मग हे आपोआप मरेल. मरायलाच हवं.

नीलिमा कुलूप लावून सईला शाळेतून आणायला गेली आहे. जाताना रडत होती, तुम्ही काहीच खात नाही म्हणून.

साडेचार

फोन आला तिचा. खूश होती. रविराजला फोन करून विचारलं म्हणे, ह्यांना काय आवडतं. तो सांगत नव्हता, तिनं शपथ घातली. रिक्षा तिकडेच घेतली. मालक फार भले, पैसेसुद्धा घेतले नाहीत, स्वतः बांधून दिलं. सईनंही तिथं वाटीभर कस्टर्ड खाल्लं, काट्यावर खेळली.

मी ओरडलो — फेक, फेक ते — फोन कट झाला होता.

कुलूप उघडलं

लिफ्ट बंद. तीन मजले चढून आली. एका हातात पार्सल, दुसऱ्या हातावर झोपलेली सई. दम लागलेला नाही तिला. हसत म्हणाली, अहो, आज किती हलकी लागते पोर, कापसासारखी.

सईला आत निजवायला गेली. पार्सल माझ्यासमोर. झाकण अजून गरम आहे.

उचलून खिडकीबाहेर टाकायचं. एवढंच. उठ, नंदकिशोर. उठ.

झाकण मी उघडलेलं नाही — उघडं आहे —

टाकतोच आहे. आधी नुसता वास. एक घास म्हणजे किती, फार तर पंधरा ग्रॅम. पंधरा ग्रॅम तर घरच्या काट्यावर दिसतसुद्धा नाहीत. पंधरा ग्रॅमनं कुणाचं काय — आतून नीलिमा हाक मारतेय, सई डोळे उघडत नाही म्हणतेय — आलो, हा एक — एकच, मग मी —