एकोणीस वर्षांची शिकाऊ

टोलीडो, ३ फेब्रुवारी १९७६
आमच्या अंधांच्या कार्यशाळेतून आज अकरा जणांना काढलं. मीही त्यात. फौजेनं झाडूंची मागणी बंद केली म्हणे. मॅनेजर स्ट्रिकलर दारात उभा राहून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत होता. ओलसर हात. घरी येऊन कोट धुतला.

९ फेब्रुवारी
बेकारभत्त्याच्या कचेरीत गेले. खिडकीतली मुलगी माझ्याशी बोलेचना — सोबत आलेल्या शेजारच्या कोवाचबाईंनाच सांगत होती, “यांना भत्ता नाही मिळत. कार्यशाळेतले लोक कामगार नसतात, शिकाऊ असतात.”
शिकाऊ! एकोणीस वर्षं झाडू बांधतेय. बोटांना एवढे घट्टे पडलेत की ब्रेलचे ठिपकेसुद्धा धड लागत नाहीत.
अपील केलं.

२ मार्च
स्ट्रिकलरनं माझ्याविरुद्ध साक्षीदार शोधला — ओडेल! माझ्या शेजारच्या यंत्रावरचा, माझ्यासारखाच आंधळा. त्याची नोकरी शाबूत आहे. फोन केला तर म्हणतो, “व्हेल्डा, बोलावलंय तर जाणार मी. तू जिवाला लावून घेऊ नकोस.”
दर रविवारी माझ्याकडे चिकन चापून जायचा हा माणूस. किळस आली.

११ मार्च
सुनावणी. स्ट्रिकलरचा पाकात बुडवलेला आवाज — ही सगळी आमची लेकरं, यांना आम्ही आधार देतो. हे लेकरू एक्केचाळीस वर्षांचं आहे. मग ओडेलला विचारलं, तू कामगार की शिकाऊ?
“शिकाऊ, साहेब.”
काठी उचलली आणि तडक बाहेर पडले. पुढचं ऐकायचंच नव्हतं.

१४ मार्च
ओडेलचा फोन. आवाज ऐकला आणि ठेवून दिला.

२६ मार्च
निकाल आला. कोवाचबाईंकडून दोनदा वाचून घेतला. मी कामगार आहे. भत्ता मिळणार, बाकीच्या दहा जणांनाही.
आणि कारण म्हणून ओडेलची साक्ष दिलीय. काय शिकतोस, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, “बावीस वर्षांपूर्वी पहिल्या आठवड्यात शिकलो, तेच. नव्या माणसांना मीच शिकवतो. पण मॅनेजरसाहेब म्हणतात, माझं शिक्षण अजून चालू आहे.”
मी खोलीबाहेर होते तेव्हा.

२७ मार्च
ओडेलकडे गेले. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी त्याला काढलं. भत्त्याचा अर्ज कसा करायचा, एवढंच विचारायला त्यानं फोन केला होता.