वायटूके आणि सातारा-माधवनगर संपर्क

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार
पेपरात पुन्हा वायटूके. एकतीस डिसेंबर सरला की कॉम्प्युटरना सन २००० हे सन १९०० वाटणार. वीज बंद, फोन बंद, सगळंच बंद. अख्ख्या साताऱ्यात हे गांभीर्याने घेणारा मी एकटाच दिसतो.
आमची ज्ञानदा सांगलीजवळ माधवनगरला सासरी. पहिलं बाळंतपण, तारीख जानेवारीच्या सुरुवातीची. नेमकी! डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्याने माहेरी येणं रद्द. निश्चय: सातारा-माधवनगर स्वतंत्र संपर्क यंत्रणा उभारायची. काहीही कोसळो, लेकीची बातमी बापाला कळलीच पाहिजे.
गोदावरीला सांगितलं. म्हणाली, "आधी तिच्याशी नीट बोला तरी." यंत्रणा म्हणजे काय हे बायकोला समजावणं कठीण.

१८ नोव्हेंबर
हॅम रेडिओची, म्हणजे घरगुती बिनतारी संचाची, चौकशी केली. परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा. मी जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवला, दुसऱ्यांचे पेपर तपासले. आता या वयात पेपर देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न. (पुस्तक आणलं होतं. टाईप फार बारीक आहे.)

२१ नोव्हेंबर
माधवनगरला चाचणी कॉल. आवाज स्वच्छ. ज्ञानदा पायाला सूज, झोप नाही, भीती वाटते असं काहीबाही सांगत होती. "चाचणी यशस्वी" म्हणून फोन ठेवला. चाचणीच्या कॉलवर गप्पा मारत बसलं तर चाचणी कशी होणार?
गोदावरीने पुन्हा माधवनगरला फोन लावला.

२८ नोव्हेंबर
मोठी प्रगती. शेजारचे हंबीरराव मिलिटरीतून रिटायर झालेत, तेही सिग्नल रेजिमेंटमधून! इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून तज्ज्ञ माणूस बसलाय आणि मला पत्ता नाही. त्यांची तांत्रिक प्रमुख म्हणून नेमणूक केली. म्हणाले, "सर, तुमी म्हंताय तर व्हय."

५ डिसेंबर
पुण्याहून मागवलेले वॉकीटॉकी आले. खोक्यावर रेंज तीन किलोमीटर. म्हणजे माधवनगरपर्यंत चाळीसेक माणसं उभी केली की झालं. माणसांचं नंतर बघू.
आज चाचणी. मी अजिंक्यताऱ्यावर, हंबीरराव खाली आमच्या गच्चीवर. तासभर नुसती खरखर. शेवटी त्यांनी पंचा हलवला, तो मात्र स्पष्ट दिसला. खाली येऊन बघतो तर त्यांचा सेट बंदच. चिडून विचारलं, सिग्नलमध्ये इतकी वर्षं काय केलंत? "सिग्नलातच हुतो की सर. पर लंगरात. दोनशे मानसांचं जेवान काढायचो."
हे आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, "तुमी इचारलंच न्हाई."
गुडघे दुखतायत. वॉकीटॉकी योजना स्थगित.

१२ डिसेंबर
जावयांचा फोन. निमिषराव सांगलीत एका बँकेच्या कॉम्प्युटरवर असतात. म्हणाले, मशीन तपासून झाली आहेत, काही होणार नाही, तुम्ही दोघं इकडेच या ना, ज्ञानदा फार घाबरलीय. माणूस सरळ आहे, पण यंत्रावर फार विश्वास.
मी म्हटलं, आम्ही दोघंही तिकडे आलो तर सातारा केंद्र कोण सांभाळणार? त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. पटलं असावं.

१९ डिसेंबर
नवी योजना. हंबीररावांचे मेहुणे लालासाहेब मलकापूरला असतात, बुलेट आहे. एक तारखेला त्यांनी माधवनगरला जायचं आणि बातमी घेऊन थेट साताऱ्याला यायचं. साधं, मजबूत.
आज रंगीत तालीम. निरोप: "सातारा सज्ज आहे." लालासाहेब गेले आणि वाटेतच निरोप विसरले. ज्ञानदाने विचारलं, बाबा कसे आहेत? हे म्हणाले, "लय वाईट अवस्था हाय. रात न्हाई दिवस न्हाई, बसूनच असत्यात."
ज्ञानदाचा रडत फोन. तिची समजूत घालता घालता नाकी नऊ आले. शिवाय तालमीत फोन वापरला गेल्यामुळे ती रद्द धरावी लागेल. लालासाहेब येताना भडंग घेऊन आले. भडंग चांगलं होतं.

२७ डिसेंबर
गोदावरी सकाळच्या एस्टीने माधवनगरला गेली. निघताना म्हणाली, "अहो, चला ना. तिला तुम्ही हवे आहात." मी केंद्र सोडू शकत नाही म्हटलं. "मग बसा," म्हणाली. बॅग हंबीररावांनी स्टँडवर नेली.
एका दृष्टीने बरंच झालं. आता दोन्ही टोकांना घरचं माणूस आहे.

३१ डिसेंबर, दुपार
सर्व तयारी पूर्ण. मेणबत्त्या, ट्रान्झिस्टर, बादल्या भरून. खबरदारी म्हणून फोनची वायर भिंतीतून काढून ठेवली, भलताच करंट येऊन जळायला नको. उद्या सकाळी बघू कोण हसतं.

१ जानेवारी २०००, शनिवार
सकाळ. पंखा चालू. नळाला पाणी. साताऱ्याला सगळंच उशिरा येतं.
पण फोन उचलला आणि अंगावर काटा आला. डेड! ठार डेड! मी म्हणत होतो तेच झालं. लालासाहेब निघाले का हे हंबीररावांना विचारावं म्हणून चप्पल घातली, तेवढ्यात हंबीरराव दारात. "आवं सर, फोन का उचलत न्हाई? बाई काल सांजंपास्नं लावत्यात. आत्ता माझ्याकडं लावला. नात झाली तुमाला. आप्रेशन करावं लागलं. लय अवघड गेलं म्हनं, पर दोघी बऱ्या हायत."
मी खुर्चीत बसलो. त्यांनी खाली पडलेली वायर बघितली, उचलून भिंतीत घातली. लगेच घंटा वाजली.
गोदावरी. आत नेण्याआधी ज्ञानदाने बाबांना फोन लावा म्हणून हट्ट धरला होता म्हणे. रिसीव्हर तिच्या कानाला धरला होता. पलीकडे घंटा वाजत राहिली.
वायर मीच काढली हे खरं. पण काढली नसती तर काय झालं असतं, हे तरी कोण सांगणार? हे गोदावरीला म्हणणार होतो. म्हटलं नाही. हंबीररावांनी माझ्यासाठी उप्पीट करून आणलं. गेलं नाही.

२ जानेवारी, सांगली
दुपारी दवाखान्यात पोचलो. ज्ञानदा फार अशक्त दिसते, शेजारी पाळण्यात नात झोपलेली. मला बघून रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. स्टूल जवळ ओढायला सांगितलं आणि मग सगळं पहिल्यापासून सांगू लागली. पायाची सूज, नोव्हेंबरातली भीती, ऑपरेशन टेबलावरचा गारठा. गोदावरी खिडकीशी उभी होती. मी काहीही सुचवलं नाही. नुसता ऐकत होतो.
तासाभरात एकदाच बोललो, "मग?" एवढंच. तेवढ्याने बाळ उठलं.