अस्सल उद्योजक आणि अडकलेली चेन

३ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांनी ठेवायची असते. उद्या कुणी विचारलंच की एवढं काम सुचलं कसं, तर पुरावा नको?

परिस्थिती अशी: उद्योजकता विभागात मी अकरा वर्षं हंगामी. काल विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, एक जागा कायम होतेय. उमेदवार दोन, मी आणि गोगलगाय. एका खऱ्याखुऱ्या उद्योजकाचा किमान पाच महिने जवळून अभ्यास करायचा. तो विचार कसा करतो, वागतो कसा, समाजाला त्याचा काय उपयोग. ३० जूनला समितीसमोर मांडायचं. एकाला जागा, दुसऱ्याला नारळ.

गोगलगाय म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. आठवड्यातून एखादं वाक्य बोलतो, तेही चहाच्या कपाकडे बघून. ही काय स्पर्धा झाली?

संकल्प: रोज सहाला उठणे. रोज पाच पानं.

४ जानेवारी, ९.४०
उशीर झाला. मेंदूला विश्रांती लागतेच.

अस्सल उद्योजकाच्या सात कसोट्या ठरवल्या. इतरांना अडगळ दिसते तिथे त्याला संधी दिसते. हाताशी असेल त्यावर सुरू करतो. नाही म्हटलं तरी खचत नाही. चार लोकांना कामाला लावतो. कमी बोलतो. समाजाचं भलं करतो आणि त्याचा गाजावाजा करत नाही. सातवी सुचायची आहे.

सासूबाई आल्या. आठ दिवस राहणार.

९ जानेवारी
माझ्या बॅगेची चेन बिघडली. सासूबाई पक्कड घेऊन आल्या, म्हणाल्या, द्या इकडे, रनर गेलाय, चार मिनिटांचं काम. मी नम्रपणे नकार दिला. घरगुती ठिगळं लावलेली बॅग घेऊन विद्वान हिंडत नाहीत. शोरूममध्ये टाकीन. तोवर सेफ्टी पिन.

त्यांनी हिच्या पर्सची चेन लावून दिली. मग समोरच्यांच्या पिशवीची. रिकामपण, दुसरं काय.

२२ जानेवारी
पहिला नमुना: किल्लीवाला. दोनशे चौदा प्रश्नांची प्रश्नावली घेऊन गेलो. प्रश्न एक, आपण उद्योजक का झालात? म्हणाला, वडिलांचं दुकान होतं. प्रश्न दोन, अपयशाची भीती वाटते का? म्हणाला, कुलूप उघडलं नाही तर वाटते. प्रश्न नऊचा उपप्रश्न मी वहीत बघून वाचत होतो, तेवढ्यात तो शटर ओढून जेवायला गेला. मी आत. भोवती दोनशे किल्ल्या, एकही लागेना. पावणेदोन तास.

निष्कर्ष: ग्राहकाकडे लक्ष नाही. नापास.

२९ जानेवारी
सासूबाईंचे आठ दिवस अजून संपलेले नाहीत. हॉलमध्ये बॅगांचा ढीग. मी ‘एकाग्रता’ हे प्रकरण लिहीत असताना बेल नऊ वेळा वाजली. ऑफिसात मी याबद्दल भरपूर तक्रार केली, तर संध्याकाळी गोगलगाय घरी हजर. त्याचीही चेन म्हणे बिघडलीय. सासूबाईंच्या शेजारी स्टुलावर दोन तास बसला. बिचाऱ्याला दुसरं काम नसावं. चहा पाजला.

१८ फेब्रुवारी
दुसरा नमुना: न्हावी. म्हणाला, बोलायचं तर खुर्चीत बसून बोला, गिऱ्हाईक खोळंबतंय. प्रश्न चौदापर्यंत उत्तम चाललं. पंधराव्याला माझ्या लक्षात आलं की मिशी गेली.

घरी कन्येने दार उघडलं आणि ओरडली, आई, कुणीतरी आलंय.

न्हावी नापास. कारण समितीसमोर सांगता येणार नाही.

२ मार्च
ही म्हणाली, अहो, उद्योजक शोधत गावभर काय फिरताय? आईकडे बघा की जरा. मी इतका हसलो की ठसका लागला. घरबसल्या चेन बसवणं म्हणजे उद्योजकता? मग मी भाजी आणतो ती आयात-निर्यात म्हणायची! ही पाण्याचा पेला ठेवून गेली.

त्यावरून सातवी कसोटी मात्र सुचली: अस्सल उद्योजकाला स्वतंत्र ऑफिस असतं.

४ मार्च
माझी अभ्यासिका गेली. सासूबाईंना शिवणयंत्राला उजेड हवा होता. मी कडाडून विरोध केला. (मनात.) पुस्तकं पलंगाखाली. टेबल त्यांनी ठेवून घेतलं, उंची बरोबर आहे म्हणाल्या. मी आता ओट्यावर, मिक्सरच्या बाजूला बसून लिहितो.

सातव्या कसोटीत दुरुस्ती: ऑफिस जावयाचं नसावं.

२० मार्च
गोगलगाय आज चौथी बॅग घेऊन आला. एका माणसाकडे किती चेना बिघडाव्यात? हातात वही असते. काय लिहितोस विचारलं, तर म्हणाला, सवय आहे.

मग जिन्यात थांबून त्याने मला आपणहून विचारलं, त्यांनी खोली मागितली तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणालात? मी सगळं सविस्तर सांगितलं. या चेनबाजीचा घराला कसा जाच होतोय, मी त्यांना कितीदा परावृत्त केलं, पलंगाखालच्या पुस्तकांना कशी वाळवी लागेल. तो एकेक शब्द लिहून घेत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं कुणी इतकं नीट ऐकून घेतलं. बरं वाटलं.

११ एप्रिल
सासूबाईंनी दोन बायका कामाला ठेवल्या. एकीचे गुडघे दुखतात, उभ्याने करायची नोकरी सुटली होती तिची. दुसरीला बोलता येत नाही, पण पक्कड फार सफाईने चालवते. शिवाय शाळेतल्या पोरांची दप्तरं फुकट!

आता गप्प बसणं अशक्य झालं. मी भिंतीवर स्लाइड दाखवून सासूबाईंना चाळीस मिनिटं समजावलं की हे शास्त्रात बसत नाही. दूरदृष्टीचा आराखडा नाही, धोक्यांची यादी नाही, ध्येयवाक्य नाही. शांतपणे ऐकलं त्यांनी. तेवढ्या वेळात अकरा रनर बसवले. शेवटी म्हणाल्या, जावईबापू, जरा सरकता का? उजेड अडतोय.

विषय त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

९ मे
आतापर्यंत तेवीस नमुने नापास. या गावात एकही अस्सल उद्योजक नसावा, हे विभागाचं दुर्दैव. माझं नंतर.

तेव्हा ठरवलं, स्वतःच उद्योजक व्हायचं आणि स्वतःचंच निरीक्षण करायचं. जिन्याखाली खुर्ची टाकली, पाटी लावली: ‘उद्योजकता सल्ला केंद्र’. दिवसभरात सतरा जण आले. सतराही जणांनी विचारलं, चेनवाल्या आजी कुठल्या मजल्यावर? सगळ्यांना दुसरा मजला सांगितला.

नोंद: पहिल्याच दिवशी सतरा जणांना अचूक मार्गदर्शन. सामाजिक लाभ सिद्ध.

१० मे
केंद्र बंद. खुर्ची सासूबाईंनी वर मागवली. बाहेर थांबणाऱ्यांना बसायला कमी पडतात.

२८ जून
प्रबंध तयार! शहाण्णव पानं. शीर्षक: ‘अस्सल उद्योजक का सापडत नाही?’ निष्कर्ष: कारण तो नसतोच. समिती हादरणार. कायम नोकरीची ऑर्डर कुठे फ्रेम करून लावायची, याचा विचार करतोय. माझ्या भिंती आता उरल्या नाहीत, हा एक प्रश्न आहे.

२९ जून
प्रबंध बॅगेत ठेवला. सहा सेफ्टी पिना झाल्यात, बरं दिसत नाही. सासूबाईंनी पुन्हा हात पुढे केला, म्हणाल्या, मोठ्या माणसांसमोर जायचंय, द्या, लगेच करते. मी म्हटलं, नको, तत्त्वाचा प्रश्न आहे. मग मोरीत जाऊन पक्कडीने स्वतःच चेन ओढली. लागली की गच्च! एक पिन लागली नाही. उगाच बाऊ करतात लोक.

३० जून, दुपारी ४
समितीत तीन जण. मी नमस्कार केला, बॅग टेबलावर ठेवली, चेन ओढली. हलेना. पुन्हा ओढली. दहा मिनिटं ओढत होतो. बॅग गुडघ्यात धरली, खुर्चीला अडकवली, एका परीक्षकांना दुसरं टोक धरायला सांगितलं. तेही खुर्चीसकट माझ्याकडे आले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, असू द्या. आमच्या माहितीत एक आजी आहेत, चार मिनिटांत करतात. आणि त्यांनी आपल्या बॅगेची चेन माझ्यासमोर तीनदा उघडून मिटून दाखवली. मॅडमनी पर्सची दाखवली.

प्रबंध तोंडी सांगावा लागला. उद्योजक नसतोच, असं म्हटल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मॅडमनी गोगलगाईचा अहवाल माझ्यापुढे सरकवला. ‘एका उद्योजिकेचे पाच महिने’. गोगलगाय न् पोटात पाय, उगाच नाही म्हणत!

ऑफिसची सातवी सोडली, तर माझ्या सहाच्या सहा कसोट्यांना त्याची पाच महिन्यांची उदाहरणं. पान एकतीस: ‘प्रमुख अडथळा: जावई.’ पान बत्तीस: ‘अडथळा उच्चशिक्षित असून उद्योजकतेचाच अभ्यासक आहे.’ तळटीपेत ‘चेनबाजी’, अवतरणचिन्हांत.

शेवटच्या पानावर त्याने विचारलंय, इतका विरोध होऊनही तुम्ही खचला कशा नाहीत? सासूबाईंचं उत्तर जसंच्या तसं दिलंय: विरोध कसला? जावई माझा मनाने चांगला आहे हो. त्याला फक्त समोरचं दिसत नाही.

मला चष्मा पुसावा लागला. मॅडमच्या खोलीत धूळ फार.

जागा गोगलगाईला. उद्यापासून मी यायचं नाही.

३० जून, संध्याकाळी ६.१५
घरी काही सांगितलं नाही. हिने तोंड पाहिलं, चहा ठेवला, साखर जास्त घातली. कळलं असावं.

अभ्यासिकेत गेलो. म्हणजे त्यांच्या. बॅग टेबलावर ठेवली आणि म्हटलं, आई, चुकलं माझं. लग्नापासून एकदाही त्यांना आई म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा खाली करून बॅग पाहिली. म्हणाल्या, जानेवारीतच गेला होता हा रनर. चार मिनिटांचं काम.

आणि हात पुढे केला. मी तो हात धरणार, तोच दिसलं, हातात रांगेच्या नंबराचा बिल्ला होता. त्रेचाळीस.

म्हटलं, मी जावई आहे. म्हणाल्या, म्हणून तर आज घेतलं, बाकीच्यांना सोमवार सांगतेय.

आता बाहेर बसलोय, सल्ला केंद्राच्या खुर्चीवर. ही वही कोटाच्या खिशात होती म्हणून लिहितोय. शहाण्णव पानं बॅगेतच अडकली आहेत. शेजारच्या बेचाळीस नंबरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, उद्योजक कसे काम करतात ते जवळून बघतो. त्या म्हणाल्या, मग दारातून जरा बाजूला बसा, आतलं काही दिसत नाही.

बाजूला बसलो. सध्या एकोणचाळीस चालू आहे.