दुबार ठरलेली स्पृहा

प्रति,
मा. संचालक,
केंद्रीय विद्यार्थी नोंद कक्ष,
परळ, मुंबई.

विषय: कु. स्पृहा गौतम तांबे, इयत्ता दहावी, हिची पुसलेली नोंद बॅकअपमधून परत घेण्यासाठी डेटाबेसचा जाणकार तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ: शाळेची पहिली तक्रार (निकाली काढलेली) व दुसरी तक्रार (फेटाळलेली).

महोदय,

१. अर्जदार रुपाली मयेकर ही लालबाग येथील आमच्या शाळेत वरिष्ठ लिपिक असून विद्यार्थ्यांच्या नोंदी आपल्या प्रणालीत भरण्याचे काम तिच्याकडे आहे. करी रोडला राहणाऱ्या श्रीमती मालन व श्री. गौतम तांबे यांच्या आकांक्षा आणि स्पृहा या जुळ्या मुली पहिलीपासून याच शाळेत शिकत आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत प्रणालीतही त्या दोघी होत्या.

२. जूनमध्ये आपल्या कक्षाने दुबार नोंदी काढण्यासाठी डेटाबेसवर एक एसक्यूएल क्वेरी चालवली. आडनाव, आईवडिलांची नावे, जन्मतारीख, पत्ता आणि मोबाइल नंबर जुळल्यास एकच नोंद ठेवून बाकीच्या पुसाव्यात, असा हुकूम त्या क्वेरीत होता. मुलाचे स्वतःचे नाव ताडून पाहायचे मात्र राहून गेले. त्यामुळे आकांक्षा राहिली आणि स्पृहा गेली.

३. अर्जदाराने स्पृहाची माहिती नव्याने भरून पाहिली. "ही नोंद आधीच अस्तित्वात आहे," असे प्रणाली सांगते. बरे, अस्तित्वात आहे म्हणून शोधायला जावे, तर "अशी विद्यार्थिनी आढळली नाही." एकाच मुलीबद्दल, एकाच स्क्रीनवर, पाच मिनिटांच्या आत ही दोन उत्तरे मिळतात. यांपैकी कोणते खरे मानावे, याबाबत शाळेस लेखी मार्गदर्शन मिळालेले नाही.

४. तक्रार नोंदवायची तर विद्यार्थिनीचा क्रमांक लागतो. स्पृहाला क्रमांकच नाही, म्हणून नाइलाजाने आकांक्षाचा टाकला. त्यावर उत्तर आले की सदर विद्यार्थिनीची नोंद सुस्थितीत आहे, तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पुन्हा तक्रार केली. ती दुबार तक्रार म्हणून फेटाळण्यात आली.

५. आपल्या मदत केंद्रातील श्री. शंतनु हे फोनवर नेहमी नीट बोलतात, हे नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजते. ते म्हणाले, "मॅडम, काम काहीच नाही हो. जुन्या बॅकअपमधून एक ओळ उचलायची आणि इकडे टाकायची. पण मला फक्त बघायची परवानगी आहे, लिहायची नाही. ती डीबीएला असते." डेटाबेस सांभाळणारे हे डीबीए कुठे भेटतील, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "पद रिक्त आहे, मॅडम." म्हणजे क्वेरी चालवून नोंद पुसायला माणूस होता, परत आणायला नाही.

६. यानंतर अर्जदार श्रीमती मालन यांना घेऊन कक्षात समक्ष आली. अधीक्षक श्री. चिंतामणी यांनी कागद पाहून, "आकांक्षा काय, स्पृहा काय, अर्थ एकच. गोंधळ होणारच ना?" असा शेरा मारला व एकीची जन्मतारीख एक दिवस पुढे टाकण्याचा तोडगा सुचवला. तसे केले की प्रणाली निमूट नोंद घेते म्हणे. त्यावर श्रीमती मालन म्हणाल्या, "तुमचं मशीन चुकलं म्हणून माझ्या पोरीचा वाढदिवस बदलायचा? उद्या ती कुठे कुठे खोटं बोलत फिरणार?" श्री. चिंतामणी जेवायला उठून गेले. ते परत येईपर्यंत आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. आल्यावर त्यांनी आम्हाला ओळखले नाही.

७. दहावीचे परीक्षा अर्ज येत्या शुक्रवारी बंद होत आहेत आणि ते आपल्या प्रणालीतील नोंदीवरूनच भरले जातात. परवा आकांक्षा एकटीच कार्यालयात आली. "मॅडम, माझ्या नावावर तिला बसू द्या. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी पुढच्या वर्षी बसेन," असे ती म्हणाली. अर्जदाराने तिला वर्गात पाठवले. नंतर बराच वेळ अर्जदाराच्या हातून काम झाले नाही. काल त्याच आकांक्षाने, बहिणीचा अर्ज भरल्याशिवाय आपल्या अर्जावर सही करणार नाही, असे वर्गशिक्षिकांना सांगितले. वडील शिवडीच्या गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून समजवायला आले, तरी ती ऐकत नाही. सबब, एकीची नोंद पुसल्याने आता दोघींचे वर्ष जाण्याची वेळ आली आहे.

८. तरी महोदयांनी कोणत्याही कार्यालयातून, उसना का होईना, डेटाबेसचा एक जाणकार बोलावून ती एक ओळ परत आणावी, आणि ती येईपर्यंत स्पृहाचा अर्ज कागदावर स्वीकारण्याचा आदेश द्यावा. ही क्वेरी मुंबईतल्या सगळ्याच शाळांवर चाललेली आहे. इतर जुळ्यांचे काय झाले, हेही कोणीतरी पाहावे.

९. हा अर्ज टपालाने न पाठवता एका मुलीच्या हाती पाठवत आहे. आवक विभागाने शिक्का मारण्यापूर्वी तिला तिचे नाव विचारावे. ती नीट उत्तर देते. नंतर तिला आपल्या दालनात बोलावून, ती अस्तित्वात नाही हे आपण स्वतः तिला सांगावे. अर्जदाराला ते जमले नाही.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,

(सही)
रुपाली मयेकर
वरिष्ठ लिपिक

लालबाग, मुंबई
दि. १८ नोव्हेंबर

सोबत: दोघींच्या जन्मदाखल्यांच्या प्रती, मुख्याध्यापकांचे पत्र, आणि कु. स्पृहा गौतम तांबे, समक्ष.