कोसमटोल्याची संमती

बल्लारपूर,
११ फेब्रुवारी १९५४

प्रिय वच्छला,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. चुलीत टाकायचंच असेल तर वाचून टाक. कागद वाळलेला आहे, चांगला पेटेल.

मी बरा आहे. कामही बरं चाललंय. बांबूचा भारा गाडीतून खाली पडला की नुसत्या आवाजावरून ओला की वाळला ते मी सांगतो, आणि इथले हमाल त्यावर पैजा लावतात. परवा डोमा चहा हरला. पण वच्छला, या गावात आवाजच फार. भोंगा, इंजिनं, दिवसभर माणसांची वर्दळ. आणि मला ऐकायची असते तुझ्या शाळेची हजेरी. तुला कधी सांगितलं नव्हतं. कोसमटोल्याला येताना मी बांधाअलीकडेच बैलगाडी थांबवायचो आणि हजेरी पुरती ऐकायचो. मंगलीचं नाव तू दोनदा घ्यायचीस, कारण ती पहिल्या हाकेला कधीच ओ देत नसे. सगळी नावं झाली की मग गाडी पुढे. तुला वाटायचं, हा माणूस नेमका हजेरी संपल्यावर कसा उगवतो. दसरू गाडीवान मात्र म्हणायचा, बैल थकत नाहीत भाऊ, तुम्हीच थांबता.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. नागपूरच्या विधानसभेत जंगलाच्या नव्या कायद्याचा मसुदा आला, तेव्हा आमच्या चांद्याच्या वनरक्षण मंडळात किती खल झाला ते तुला ठाऊक आहे. बापूजी वकील अध्यक्ष. त्यांनी बंदूक खुंटीला टांगली त्या वर्षापासून त्यांना वाघांचा पुळका आला, आणि जंगल राखायचं म्हणजे त्यातून माणसं काढायची, एवढं एकच त्यांना दिसतं. मसुद्यात कलम असं, की ज्या गावाची संमती असेल त्याचं जंगल वीस वर्षं ठेक्याने द्यावं, तोडणाऱ्यानेच पुन्हा लावावं, आणि तोवर गावाचा निस्तार बंद. म्हणजे सरपण नाही, बांबू नाही, मोह वेचणं नाही. मंडळाने या कलमाला पाठिंबा द्यावा की विरोध करावा, यावर मतं अर्धी-अर्धी झाली. शेवटी ठरलं, एखाद्या गावाला विचारून यावं. कोणी जावं? जंगलात वाढलेला, भारे वाहता वाहता ठेकेदार झालेला, सगळ्यांशी गोडीने बोलणारा मुखरूच. मीही पटकन हो म्हटलं. गाव ठरलं कोसमटोला, म्हणजे तू.

मार्गशीर्षातली ती बैठक. मी एकेक कलम मराठीत सांगत होतो, तू ते गोंडीत करत होतीस. सांगून झालं आणि कोणी बोललं नाही. इतवारी म्हातारा जमिनीकडे बघत राहिला. बायाही गप्प. त्या गावात होकार द्यायचा तर प्रत्येक जण आपल्या तोंडाने देतो, एक माणूस राहिला तरी गोष्ट तिथेच थांबते. आणि दारी आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची रीत त्यांच्यात नाही. ते गप्प राहतात आणि त्याला जेवू घालतात. मला जेवू घातलं. नवा भात, वर सुक्या मासोळीचं कालवण. तू माझ्याकडे बघून जराशी हसलीस. त्यांचं गप्प राहणं तू मराठीत करून सांगितलं नाहीस, कारण ते मला कळतं हे तुला माहीत होतं. सात वर्षं मी त्या गावात येत-जात होतो.

आणि चांद्याला येऊन मी कागदावर लिहिलं, गावाने हरकत घेतली नाही.

मंडळाने त्याचं 'संमती' केलं. वर्तमानपत्रात छापून आलं, की जंगल वाचवणारे आणि जंगलात राहणारे दोघेही या कलमाच्या बाजूने आहेत. तुझ्यापर्यंत ते वर्तमानपत्र पोचलं. पत्राऐवजी तू दसरूजवळ निरोप दिलास. त्याने तो खाली मान घालून सांगितला, "बाई म्हणतेत, त्याले सांग, तुले तं सारं आयकू येते." बस, एवढंच. वैशाखातल्या आपल्या लग्नाचं त्यात काही नव्हतं. आणि मी तुला उलट निरोप काय दिला? की गैरसमज झाला, मला त्यांची रीत लक्षात आली नाही. दीड महिना सगळ्यांना हेच सांगत होतो. बापूजींना पटलं. दसरूला पटलं नाही. आता गाडी मागितली की तो मला बैल थकले म्हणून सांगतो.

मागच्या आठवड्यात मी कोसमटोल्याला जाऊन आलो. तू कुरखेड्याला गेली होतीस, ते विचारूनच गेलो, खोटं कशाला बोलू. सुकरी आपल्या मोहाखालचा पाला झाडत होती, फुलं पडायची वेळ जवळ आली म्हणून. ते झाड तिच्या सासूचं, आता तिचं. बैठकीच्या दिवशी ती माहेरी होती; तिला ना मसुदा ठाऊक, ना आपलं बिनसलेलं. मला सावलीत बसवलं आणि म्हणाली, "औंदा फूल लय येते, भाऊ. तुमच्या लग्नाले ठेवून देईन." मला तिथे फार वेळ बसवलं नाही.

कारण ते जंगल मिळालं असतं तर मला मिळणार होतं, वच्छला. बांबूचा ठेका माझ्याच नावाने ठरत होता. बैठकीत ते गप्प झाले तेव्हा मला सगळं ऐकू आलं. जेवताना आलं, चांद्याला लिहितानाही आलं. माझ्या मनात होतं की वीस वर्षांचा ठेका हाती आला की तुला बल्लारपूरला पक्क्या घरात आणीन. तू तर घर मागितलंही नव्हतंस.

पत्र लिहायचं कारण आता सांगतो. मंगळवारी, २ मार्चला, नागपूरला विधानसभेची समिती या कलमावर लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. मी माझ्या नावाने कळवलंय, की ते लिहिणं खोटं होतं आणि ते मी जाणून लिहिलं. मंडळाने मला काढलं, ठेकाही गेला. पण बापूजी तिथे उठून म्हणतील, की ठेका हुकला म्हणून हा उलटला. एकट्या मुखरूचं कोणी खरं धरणार नाही. इतवारी आणि सुकरी स्वतः येऊन बोलले तर धरतील, आणि त्यांचं बोलणं मराठीत करणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. वडशाच्या स्टेशनावर मी तुम्हाला घ्यायला येणार नाही. पुढे एकाच गाडीत आलो तरी तुम्ही वेगळ्या डब्यात बसा, माझ्याशी बोलू नकोस. समितीने विचारलं, या माणसाने लबाडी केली का, तर माझ्यासमोर हो म्हण. त्यांच्यासाठी ये. लग्नाचं मी यात विचारत नाही, पण ते मनातून गेलेलं नाही, हे लपवूनही उपयोग नाही. तुझं उत्तर आलं नाही तर या खेपेला मी ते हो म्हणून कुठेही लिहिणार नाही.

तुझाच म्हणायचं धाडस अजून करणारा,
मुखरू