उजेड कमी करण्याबाबत

लिहून ठेवणार: श्रीमती उज्वला मोतीराम देवरे, वय ६४, धंदा टायपिंग, राहणार म्हसरूळ, नाशिक.

वर नाव दिलेली बाई मीच, आणि हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने टाइप करीत आहे. अशा दस्ताच्या सुरुवातीला ‘शरीर व मन स्वस्थ असताना’ असे घालण्याची रीत आहे. गेली त्रेचाळीस वर्षे कोर्टाजवळच्या गल्लीत टेबल टाकून मी ते वाक्य हजारो लोकांसाठी टाइप केले. माझ्या बाबतीत ते खोटे ठरेल. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण पक्के आहे, पण मन स्वस्थ नाही. मला भयंकर राग आलेला आहे. रागात माणसे काय काय लिहून बसतात हे मी जन्मभर पाहिले, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा वाचून मगच ठेवली आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. एकाने आणून पाहिले, त्याची हकीकत कलम ४ मध्ये आहे.

कलम १. म्हसरूळ येथील दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या व माझे पती कै. मोतीराम यांच्या कमाईतून घेतलेला असून तो आता माझ्या एकटीच्या नावे आहे. माझ्यामागे तो माझा एकुलता एक मुलगा रविराज, राहणार पुणे, यास मिळावा. कलम ४ वाचून कोणी म्हणेल की मग त्याला फ्लॅट कशाला. रागाच्या भरात वारसाचे नाव गाळणारी बाई मी नाही. नाव गाळले की माणसाला कसे वाटते ते मला चांगले माहीत आहे, कलम ३ पाहावे.

कलम २. बँकेतील ठेवी आणि माझ्या अंगावरील सोने माझी सून भाग्यश्री हिला द्यावे. पोरगी साधी आहे. तिच्या तोंडून खरे निघून गेले, त्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये.

कलम ३. माझा धाकटा भाऊ केरू, राहणार नामपूर, यास माझ्या कपाटातील हिरव्या फायलीतला एक कागद द्यावा. तो सन १९९८ च्या हक्कसोडपत्राची कार्बन प्रत आहे. वडील गेल्यावर केरू नाशिकला माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “आक्का, सही करी दे, माहेर तुनंच शे.” टाइप करायला तो दुसरीकडे गेला नाही, कारण बहीण फुकटात करून देते. स्वतःचे नाव सातबाऱ्यावरून काढणारा कागद मी स्वतः टाइप केला, ‘राजीखुशीने’ हा शब्दही मीच घातला, आणि भाऊबीजेला त्याच्याकडून एक साडी घेतली. त्यानंतर माहेर किती माझे राहिले ते केरूला विचारा. साडी मी कधीच वाटून टाकली. प्रत मात्र जपून ठेवली होती, ती त्याने आता त्याच्या घरी जपावी.

कलम ४. लॅपटॉप. हे कलम लांब आहे. ज्याला कंटाळा येईल त्याने येऊ द्यावा, मला सात महिने लागले.

दिवाळी २०२३ ला रविराजने मला नवा लॅपटॉप आणला आणि मला न विचारता माझा जुना कॉम्प्युटर भंगारात दिला. माझ्या एकोणीस वर्षांच्या फायली पेन ड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या. पण आमचे जुने मराठी टायपिंग नव्या सिस्टिमवर चढेना. फाईल उघडली की ‘खरेदीखत’च्या जागी कंस, टक्के आणि स्वल्पविराम दिसायचे. रविराज म्हणाला, “आई, युनिकोड शीक.” मी शिकेन हो. पण एकोणीस वर्षांचे दस्त शिकणार आहेत का? देवळ्याचा, सटाण्याचा माणूस दहा वर्षांनी येतो, ‘बाई, माझा कागद हरवला, तुमच्याकडे आहे का’ म्हणतो. त्याला काय टक्के दाखवू?

म्हणून मी एका दुकानात जाऊन त्याच लॅपटॉपमध्ये जुनी सिस्टिम घालून घेतली. अक्षरे जागेवर आली. पण पडद्याचा उजेड शंभर टक्क्यांवर जाऊन बसला तो हलेना. कमी करायची कळ दाबली तरी ढिम्म. दुकानदार म्हणाला, “मॅडम, या मशीनला ही सिस्टिम कंपनी देतच नाही. सपोर्ट नाही. ब्राइटनेस विसरा.”

माझ्या उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे आणि डाव्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. त्या पांढऱ्याफटक पडद्यासमोर अर्धा तास बसले की भुवईपासून मानेपर्यंत कळ जायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की उजेड कमी करा, नाहीतर काम सोडा. काम सोडून मी कोण उरते? पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुरिअर घेणारी एक म्हातारी. मला ते टेबल हवे होते. हात चालतो तोवर माझे मीच कमवून खायचे, एवढीच माझी मागणी होती.

रविराज कॉम्प्युटरच्याच कंपनीत नोकरीला आहे. मी त्याला फोनवर फोन केले. दर वेळी एकच उत्तर मिळाले, “आई, ती सिस्टिम मेलेली आहे. तिचं काही होत नाही. आता बस कर ना, इकडे ये.” मी काळा चष्मा लावला. तोही पुरेना, तेव्हा मोतीरामांच्या छातीचा जुना एक्स-रे पडद्यावर चिकटवला. जानेवारीपासून जूनपर्यंत लोकांची खरेदीखते, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रे मी नवऱ्याच्या बरगड्यांमधून वाचून टाइप केली. गल्लीतले लोक हसायचे. मीही हसायचे, कारण दुसरे काय करणार.

जूनमध्ये मी स्वतःच हात घातला. इंटरनेटवर परक्या लोकांनी यावर लिहिलेले होते, ते छापून काढून कागदावर वाचले, कागद तरी डोळ्यांत घुसत नाही. इंग्रजी जेवढे कळले तेवढे घेतले. कळले ते असे. सिस्टिमला पडद्याशी बोलायला ड्रायव्हर नावाची फाईल लागते. ती फाईल होती, चांगली धडधाकट होती, पण तिच्यात कोणकोणत्या मशीनचे काम करायचे त्याची यादी असते आणि त्या यादीत माझ्या मशीनचा नंबर नव्हता. बस, एवढेच. उजेड कमी करता येत होता, फक्त यादीत नाव नाही म्हणून करायचा नाही. हे वाचून मला जो संताप आला तो कोणाला समजणार नाही. तलाठी कार्यालयाच्या दारात यादीत नाव नाही म्हणून परत फिरवलेली माणसे मी रोज पाहिली, त्यांतली एक मीच आहे.

यादीच आहे तर त्यात नाव घालायला टायपिस्टपेक्षा कोण बरे? मी फाईल उघडली, माझ्या मशीनचा नंबर त्यात टाइप केला, फाईल सेव्ह केली, मशीन बंद करून चालू केली. काही नाही. पुन्हा केले. एकोणीस दिवस करीत होते. सिस्टिम दर वेळी सांगायची, या फाईलवर खात्रीची सही नाही, पुढे जायचे का? मी म्हणायचे, जा बाई. ती जायची आणि उजेड तिथल्या तिथे.

शेवटी मी हर्षाली अहिरे हिला बोलावले. ही माझी जुनी विद्यार्थिनी, वय ३१, आता माझ्या शेजारच्या टेबलावर टायपिंग करते. महत्त्वाचा दस्त आम्ही नेहमी जोडीने ताडून पाहतो. एकीने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसरीने टाइप केलेल्यावर बोट फिरवायचे. मी मशीनचा नंबर वाचत गेले, ती पडद्यावरच्या ओळीवर बोट फिरवत गेली. मधेच थांबली आणि म्हणाली, “मॅडम, हा एक नाहीये. हा एल आहे.”

मी म्हटले, “एकच आहे. मला शिकवू नकोस.”

“मॅडम, तुमच्या टाइपरायटरला एक नव्हता. याला आहे.”

खरे होते ते. मी ज्या इंग्रजी मशीनवर शिकले तिला एकच्या आकड्याची कळच नव्हती. एक हवा असला की लहान एल मारायचा. बोटांना तीच सवय, आणि माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. एकोणीस दिवस मी यादीत भलत्याच कोणाचे तरी नाव घालत होते. हर्षालीने एल खोडून एक मारला. मशीन चालू झाली, कळ दाबली आणि पडदा एकेक पायरी उतरत गेला, अगदी संध्याकाळच्या ओसरीएवढ्या उजेडावर आला. मी बरगड्या काढून टाकल्या आणि टेबलावर डोके ठेवून रडले. हर्षाली चहा सांगायला गेली.

त्याच दुपारी रविराजला सांगावे म्हणून फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, भाग्यश्रीने उचलला. मी म्हटले, अगं, जमले गं, उजेड कमी झाला. ती बिचारी आनंदाने म्हणाली, “अहो आई, बरं झालं. हे तर तेव्हाच म्हणाले होते की दहा मिनिटांचं काम आहे म्हणून. पण करून दिलं तर आई त्या टेबलावरून उठायच्याच नाहीत, म्हणाले.”

मी “बरं” म्हटले आणि फोन ठेवला.

रविराज, तू माझ्या काळजीने केलेस असे तू म्हणशील. मी ऐकून घेणार नाही. माझा डोळा दुखत होता ते तुला फोनवर कळत होते. कळ उठली की माझा आवाज बसतो हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तुला दहा मिनिटे द्यायची नव्हती तर तसे सांगायचे होतेस, मी भांडले असते आणि विसरले असते. तू सांगितलेस की होतच नाही. मी म्हातारी, मला काय कळणार, ‘सिस्टिम मेलेली आहे’ म्हटले की गप्प बसेन, असे तुला वाटले. केरूने निदान समोर बसून सही मागितली होती.

कलम ५. सदर लॅपटॉप, त्यातील जुनी सिस्टिम, सर्व फायली, माझे टेबल, दोन खुर्च्या आणि इंग्रजी टाइपरायटर हर्षाली अहिरे हिला द्यावेत. लॅपटॉपमध्ये नवी सिस्टिम घालण्याचा, तो ‘क्लीन’ करण्याचा किंवा चांगल्या हेतूने काहीही करण्याचा अधिकार रविराजला नाही. दुरुस्तीची रीत मी मराठीत दोन पानांवर लिहून टेबलाच्या खणात ठेवली आहे. गल्लीत कोणालाही लागली तर हर्षालीने द्यावी, अडवून धरू नये.

कलम ६. माझ्या फोटोसमोर लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ लावू नये. समई पुरे. दहाव्याला केरू आला तर जेवू घालावे, भाषण करू देऊ नये.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्टँपविक्रेते सोमनाथ पगार यांनी करावी. मसुदा वाचून ते म्हणाले, “ताई, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत.” मी म्हटले, त्रेचाळीस वर्षे नाही लिहिले, आता लिहिते.

कलम ८. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मला तो नियम मंजूर नाही. मी गेल्यावर रविराज हे वाचेल तेव्हा रडेल, आणि रडणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. परवा शनिवारी तो मला पुण्याला न्यायला येतो आहे, बॅग भरून ठेव असा निरोप आहे. बॅग भरलेली नाही. मी त्याला टेबलापाशी समोर बसवून हा दस्त पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे. त्याने मान खाली घातली तरी थांबणार नाही. शेवटी एवढेच विचारणार आहे की तुला येत होते ना रे? त्याचे उत्तर मला मी जिवंत असताना हवे आहे.

येणेप्रमाणे मी माझ्या अकलेने व माझ्या रागाने लिहून ठेवले. वाचून पाहिले, बरोबर आहे, एकही एल एकच्या जागी पडलेला नाही.

लिहून ठेवणार
(सही) उज्वला मोतीराम देवरे

साक्षीदार
१. (सही) सोमनाथ यादव पगार, स्टँपविक्रेते, नाशिक
२. (सही) सावित्रीबाई सावळीराम जाधव, चहाविक्रेत्या, नाशिक

ठिकाण: नाशिक
दिनांक: १९ सप्टेंबर २०२४, गुरुवार